माज कुठला आणि ताठा कुठला : एकतर्फी सामन्याची शेवटची पंधरा मिनिटे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीकडे अमेरिकेत आलेल्या असताना आपण तिच्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना मैदानात बसून पाहिला. यजमान संघ 49-7 असा पुढे होता आणि सामना संपायला चार मिनिटे उरली होती, तरीही त्यांच्या राखीव क्वार्टरबॅकने, म्हणजे चाल सुरू करून पास टाकणाऱ्या खेळाडूने, लांब पल्ल्याचा पास टाकून आणखी एक टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेणे) मिळवून दिला. सामना संपल्यावर यजमान प्रशिक्षकाने पाहुण्या प्रशिक्षकाचा हात धरल्यासारखा केला आणि त्याच्याकडे न पाहताच तो निघून गेला. साडेतीन तासांत त्याच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. एवढा माज असलेला माणूस मुलांना खिलाडूवृत्ती काय शिकवणार, आणि अशा माणसाला राज्याच्या गव्हर्नरपेक्षा कितीतरी जास्त पगार कशासाठी, असे आपण विचारता.

पगाराचे आधी संपवतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा तिथल्या सार्वजनिक विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. अलाबामाचे निक सेबन निवृत्त होण्यापूर्वी वर्षाला 1 कोटी डॉलरहून अधिक कमावत होते. हा पैसा तिकिटांतून, दूरचित्रवाणीच्या करारांतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून येतो. तो योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध एवढाच, की हा माणूस कोणत्या दबावाखाली उभा असतो ते त्यातून कळते.

मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल या शब्दाचा अर्थ माझ्यासाठी शाहू स्टेडियम, पेठांच्या तालमींचे संघ आणि त्यांच्यातली खुन्नस असाच होता. नोकरीनिमित्त ओहायोत आल्यावर हा दुसरा, हातांनी खेळला जाणारा फुटबॉल पाहिला. आधी हद्दीच्या रेषेवर दहा यार्डांची साखळी धरणाऱ्या मंडळींत लागलो आणि पुढे परीक्षा देऊन पंच झालो. गेले एकवीस हंगाम शुक्रवारी रात्री शाळांचे आणि शनिवारी लहान महाविद्यालयांचे सामने सांभाळतो आहे. माझी जागा हद्दीच्या रेषेवर, प्रशिक्षकापासून दोन हातांवर असते. तो माझ्या कानात काय काय ओततो हे इथे लिहिता येणार नाही, पण प्रेक्षकांना दिसत नाही असे पुष्कळ काही त्या दोन हातांवरून दिसते.

आपण वापरलेला माज हा शब्द नेमका आहे, म्हणूनच तो जपून वापरावा असे मला वाटते. मराठीत ताठा, तोरा, गुर्मी, मग्रुरी आणि माज यांत फरक आहे. आपण वर्णन केलेला चेहरा हा ताठा आहे, आणि बहुतेक वेळा तो ताठासुद्धा नसतो. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एक चाल संपली की पुढची सुरू करायला 40 सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रशिक्षकाला कानावरच्या हेडसेटमधून वर खोलीत बसलेल्या सहायकांचे म्हणणे ऐकायचे असते, समोरचा संघ कोणते खेळाडू आत पाठवतो आहे ते पाहायचे असते, चाल ठरवायची असते आणि ती मैदानावर पोहोचवायची असते. हे एका सामन्यात दीडशेच्या आसपास वेळा घडते. त्या माणसाचा चेहरा रेल्वेच्या सिग्नलकडे डोळे लावून बसलेल्या इंजिनचालकासारखा दिसला, तर त्यात नवल नाही. हसतमुख प्रशिक्षकही मी पाहिले आहेत, आणि कॅमेरा वळताच आपल्याच एकोणीस वर्षांच्या पोराला सर्वांदेखत घालूनपाडून बोलणारे त्यांच्यातही भेटले आहेत.

हस्तांदोलनाचेही थोडेसे तसेच आहे. 14 नोव्हेंबर 2009 रोजी लॉस एंजेलिसमध्ये स्टॅनफर्डने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला 55-21 असे हरवले. स्टॅनफर्डचे प्रशिक्षक जिम हार्बॉ यांनी चौथ्या सत्रात 48-21 अशी आघाडी असताना दोन गुणांचा प्रयत्न केला. इथे नियम सांगायला हवा. टचडाउनचे सहा गुण मिळाल्यावर चेंडू लाथेने खांबांमधून मारून एक गुण घेता येतो, किंवा पुन्हा एक चाल खेळून दोन गुणांसाठी झटता येते. सत्तावीस गुणांनी पुढे असताना दोनसाठी जाणे म्हणजे पंगतीत पोट भरलेल्याने शेजाऱ्याच्या पानातली जिलबी उचलण्यासारखे आहे. सामना संपल्यावर प्रतिस्पर्धी प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी हात मिळवताना ‘तुझे बिनसले आहे तरी काय?’ अशा अर्थाचा प्रश्न केला आणि हार्बॉ यांनी तोच प्रश्न त्यांना उलट विचारला. हा प्रसंग लोकांना अजून आठवतो. त्याच्या पुढचा मात्र फारसा कोणाला आठवत नाही. दोनच आठवड्यांनी कॅरोल यांचा संघ शहरातल्याच यूसीएलए या विद्यापीठाविरुद्ध 21-7 असा पुढे होता, मिनिटभरही उरले नव्हते, आणि त्यांच्या क्वार्टरबॅकने गुडघा टेकून वेळ संपवायला सुरुवात केली होती. यूसीएलएने टाइमआउट घेऊन घड्याळ थांबवले. त्यावर कॅरोल यांनी पुढच्याच चालीला लांब पास टाकायला लावून टचडाउन केला. दोन्ही संघ मैदानात उतरून एकमेकांच्या अंगावर जायचेच काय ते बाकी राहिले. ज्याला पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्याची गुर्मी खुपली, त्याच्याच हातून हे घडले. या धंद्यात दोन्ही टोकांना तीच माणसे असतात.

मग माज ओळखावा कसा? माझ्या मते निकाल लागून गेल्यानंतर प्रशिक्षक जे निर्णय घेतो त्यांवरून. म्हणजे घड्याळ कसे चालू ठेवतो, मैदानात कोणाला पाठवतो आणि टाइमआउट कशासाठी घेतो यांवरून. क्रिकेटमध्ये कर्णधाराला डाव घोषित करता येतो. फुटबॉलमध्ये तशी सोय नाही. आघाडी कितीही असली तरी दोन्ही बाजूंची संमती असल्याशिवाय साठ मिनिटे खेळावीच लागतात आणि चेंडू हातात आला की त्याचे काहीतरी करावेच लागते. घोषणेची सोय असूनही काय होते हे आपल्याला पुण्यातच दिसले आहे. डिसेंबर 1948 मध्ये महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध 443 धावांवर नाबाद होते आणि ब्रॅडमन यांचा 452 चा विक्रम नऊ धावांवर आला होता. काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. विक्रमासाठी फलंदाजी लांबवणारे उर्मट, की नामुष्की टाळण्यासाठी मैदान सोडणारे? माझ्या वडिलांच्या आणि चुलत्यांच्या पिढीत यावर जेवणाच्या पाटावर वाद होत, आणि ते मिटलेले मी ऐकले नाहीत.

अमेरिकन फुटबॉलमधले या बाबतीतले आद्य उदाहरण 7 ऑक्टोबर 1916 चे. जॉर्जिया टेकने कंबरलँड नावाच्या लहान महाविद्यालयाला 222-0 असे हरवले. मध्यंतरालाच 126-0 झाले होते. कंबरलँडने त्या वर्षी फुटबॉल संघच बंद केला होता, पण ठरलेला सामना रद्द केला तर 3,000 डॉलर भरावे लागले असते, म्हणून त्यांनी कशीबशी पोरे जमवून पाठवली. जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक जॉन हाइजमन यांच्या मनात डंख होता. त्याच वर्षी वसंत ऋतूत कंबरलँडने बेसबॉलमध्ये त्यांना 22-0 असे हरवले होते, आणि तेही बाहेरचे खेळाडू आणून, असा त्यांचा समज होता. आज महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा चषक याच हाइजमन यांच्या नावाने आहे. तो घेताना कोणी 222 चा आकडा काढत नाही.

धावफलक फुगवण्यामागे केवळ स्वभाव असतो असे मानू नका. या खेळात वर्षानुवर्षे राष्ट्रीय विजेता हा मतांनी आणि गणितांनी ठरत आला. शंभराहून अधिक संघ, प्रत्येकाचे डझनभर सामने, बहुतेकांची एकमेकांशी गाठच नाही. अशा वेळी मतदार रविवारी सकाळी आकडे पाहतो, आणि 24-10 पेक्षा 56-10 अधिक भरघोस दिसते. अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणाऱ्या बीसीएस या तेव्हाच्या पद्धतीत संगणकाच्या क्रमवारीतून विजयाचे अंतर 2002 च्या हंगामापूर्वी काढून टाकण्यात आले, ते याच लोभाला आळा बसावा म्हणून. माणसांच्या मतांतून ते कोणाला काढता आले नाही. आता बारा संघांची बाद फेरी आहे, तरी तिथे कोणाला घ्यायचे हे अजून एक समितीच ठरवते. ज्याची नोकरी त्या समितीच्या मतावर टिकून आहे, त्याने चौथ्या सत्रात हात आखडावा अशी अपेक्षा आपण करतो, तेव्हा त्याची किंमत कोण भरते हेही लक्षात घ्यावे.

दुसरी बाजू हरणाऱ्याचीही असते. लहान महाविद्यालये लाखो डॉलर घेऊन मोठ्यांच्या मैदानावर मार खायला जातात, आणि त्या पैशांवर त्यांचे जलतरण, टेनिस, ॲथलेटिक्स चालते. 2012 साली सव्हाना स्टेट ओक्लाहोमा स्टेटकडून 84-0 असे हरले आणि पुढच्याच आठवड्यात फ्लोरिडा स्टेटकडून 55-0 असे. हा दुसरा सामना विजांच्या कडकडाटामुळे अर्धवट सोडला, नाहीतर आकडा आणखी चढला असता. इथे माज कोणाचा मानायचा? चेक लिहिणाऱ्यांचा, तो घेणाऱ्यांचा की मैदानावरच्या प्रशिक्षकाचा? 2007 मध्ये अॅपलेचियन स्टेटनेही असाच 4 लाख डॉलरचा चेक घेतला आणि मिशिगनला त्यांच्याच मैदानावर 34-32 असे हरवून दाखवले, म्हणून हा व्यवहार थांबावा असेही मला म्हणवत नाही.

आता आपण पाहिलेल्या टचडाउनकडे येतो, कारण इथे बाहेरच्याचा अंदाज हमखास चुकतो. राखीव क्वार्टरबॅक म्हणजे बहुधा असा मुलगा, जो पहाटे पाचला उठून वर्षभर सराव करतो, दर आठवड्याला प्रतिस्पर्ध्याच्या चालींची नक्कल करून पहिल्या फळीला तयार करतो आणि स्वतः हंगामात मोजून वीस मिनिटे खेळतो. त्या वीस मिनिटांत त्याला ‘फक्त चेंडू पोटाशी धर आणि पड’ असे सांगणे हा त्याचा अपमान आहे. तिसऱ्या फळीने खरा खेळ खेळावा आणि त्यातून टचडाउन झाला तर व्हावा, असेच बहुतेक जुने प्रशिक्षक मानतात. खोट तेव्हा असते जेव्हा राखीव मुलाच्या पुढे संरक्षणाला पहिल्या फळीचे पाच दांडगे तसेच ठेवले जातात. खोट तेव्हा असते जेव्हा चाळीस गुणांनी पुढे असलेला प्रशिक्षक घड्याळ थांबवायला टाइमआउट घेतो.

दयासुद्धा जपून करावी लागते. नियमांत एक तरतूद आहे, की दोन्ही प्रशिक्षकांची आणि मुख्य पंचाची संमती असेल तर उरलेली सत्रे लहान करता येतात. काही वर्षांपूर्वी एका सामन्यात मध्यंतराला 42-0 झाले होते. आघाडीवरच्या प्रशिक्षकाने मला बोलावून, अगदी हळू आवाजात, समोरच्यांना सत्रे बारा मिनिटांची करायची आहेत का विचारायला सांगितले. मी विचारले. पाहुण्या प्रशिक्षकाने माझ्याकडे पाहून सांगितले, की माझी पोरे चार तास बसमध्ये बसून आली आहेत, ती पंधरा मिनिटेच खेळतील. तो दुखावला होता हे उघड होते. निरोप पाठवणाऱ्याच्या मनात तुच्छता नव्हती हे मला माहीत होते, पण ते मी त्याला कोणत्या शब्दांत सांगणार? मध्यंतरानंतर त्या मुलांनी एक टचडाउन केला आणि त्यांच्या बाकावर अजिंक्यपद मिळाल्यासारखा जल्लोष झाला.

ओहायोत राहून या विषयावर लिहायचे आणि वूडी हेज यांचे नाव टाळायचे, हे शक्य नाही. ओहायो स्टेटचे हे प्रशिक्षक 1951 ते 1978 अशी अठ्ठावीस वर्षे त्या पदावर होते. 1968 मध्ये मिशिगनविरुद्ध 50-14 अशी आघाडी असताना त्यांचा संघ दोन गुणांसाठी गेला. तीन गुणांसाठी जाता येत नव्हते म्हणून, असे उत्तर त्यांनी दिल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, मिशिगनने ती मनात ठेवली. पुढच्या वर्षी हेज यांचेच जुने सहायक बो शेंबेक्लर मिशिगनचे प्रशिक्षक झाले, त्यांनी सरावात समोरच्या मुलांच्या अंगावर पन्नासचा आकडा लावला, आणि सलग बावीस सामने जिंकून आलेल्या ओहायो स्टेटला 24-12 असे हरवले. हेच हेज पगारवाढ नाकारत, जुन्या खेळाडूंच्या पदवीची चौकशी करत, कॅमेऱ्याशिवाय रुग्णालयात जाऊन अनोळखी आजाऱ्यांशेजारी बसत. आणि 29 डिसेंबर 1978 रोजी गेटर बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात क्लेमसनचा चार्ली बॉमन ओहायो स्टेटचा पास अडवून त्यांच्याच हद्दीत येऊन पडला, तेव्हा याच पासष्ट वर्षांच्या माणसाने त्या पोराला ठोसा मारला. दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली. आमच्या भागात अजूनही त्यांच्याबद्दल प्रेमाने बोलणारे आहेत आणि त्यांचे नावही न घेणारे आहेत. मी दोघांशी सहमत होतो, जो समोर असेल त्याप्रमाणे. ठोशाबद्दल मात्र माझे मत पक्के आहे. पन्नास गुणांपेक्षा किंवा ताठ मानेपेक्षा तो वेगळ्या जातीचा गुन्हा आहे, कारण त्यात प्रशिक्षकाने आपले वय आणि अधिकार एका विद्यार्थ्यावर वापरला.

खिलाडूवृत्तीची खरी कसोटी माझ्यासारख्या पंचांच्या चुकीतून लागली, हे सांगताना थोडी लाज वाटते. या खेळात चेंडू पुढे नेण्यासाठी चार संधी मिळतात. 16 नोव्हेंबर 1940 रोजी डार्टमथविरुद्ध कॉर्नेलला पंचांच्या हिशेबातल्या चुकीने पाचवी संधी मिळाली, तिच्यावर शेवटच्या क्षणी त्यांनी टचडाउन केला आणि 7-3 असा सामना जिंकला. चित्रफीत पाहिल्यावर चूक स्पष्ट झाली. कॉर्नेलचे प्रशिक्षक कार्ल स्नेव्हली आणि विद्यापीठाचे अध्यक्ष एडमंड एझ्रा डे यांनी तार करून विजय सोडून दिला, आणि निकाल डार्टमथ 3, कॉर्नेल 0 असा नोंदला गेला. कॉर्नेल त्या वेळी अपराजित होते. पन्नास वर्षांनी, 6 ऑक्टोबर 1990 रोजी, मिझुरीविरुद्ध कोलोरॅडोला नेमकी अशीच पाचवी संधी मिळाली आणि त्यांनी 33-31 असा विजय मिळवला. प्रशिक्षक बिल मॅकार्टनी, जे स्वतः विद्यार्थी असताना मिझुरीकडून खेळले होते, त्यांनी मैदान निसरडे होते अशी तक्रार केली आणि विजय ठेवला. कोलोरॅडोला त्या वर्षी असोसिएटेड प्रेसच्या मतदानात पहिले स्थान मिळाले. पंचांच्या त्या गटाला निलंबित करण्यात आले. मॅकार्टनी यांना दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण चूक पंचांची होती आणि शिट्टी वाजेपर्यंत खेळा हेच आम्ही मुलांना शिकवतो. पण रडीचा डाव कशाला म्हणतात हे गल्लीत लगोरी खेळलेल्या कोणत्याही पोराला कळते, आणि निसरड्या मैदानाची सबब त्याच्यापुढे टिकली नसती.

बाह्य रूपावरून किती फसगत होते याचे अलीकडचे उदाहरण डियॉन सँडर्स यांचे आहे. 2022 मध्ये कोलोरॅडोने बारांपैकी एकच सामना जिंकला होता. तिथे प्रशिक्षक म्हणून आल्यावर सँडर्स यांनी पहिल्याच भेटीत जुन्या खेळाडूंना दुसरीकडे जाण्याचा विचार करा असे सुनावले. गॉगल, सोन्याच्या साखळ्या, सतत मागे फिरणारे कॅमेरे हे सगळे होतेच. सप्टेंबर 2023 मध्ये कोलोरॅडो स्टेटचे प्रशिक्षक जे नॉर्वेल यांनी सामन्याआधी टोमणा मारला, की मोठ्या माणसांशी बोलताना मी टोपी आणि गॉगल काढतो. त्या सामन्यात कोलोरॅडो स्टेटच्या एका खेळाडूने सँडर्स यांच्या संघातला सर्वांत गुणी खेळाडू ट्रॅव्हिस हंटर याला चाल संपता संपता अशी धडक दिली, की हंटरला रुग्णालयात न्यावे लागले. कोलोरॅडो 43-35 असे जिंकले. नंतर त्या खेळाडूला जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या, तेव्हा सँडर्स यांनी जाहीरपणे त्याची बाजू घेतली. तो चांगला खेळाडू आहे, हा शेवटी खेळ आहे आणि अशा धमक्या कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत, असे त्यांनी सांगितले. आपल्या जखमी खेळाडूच्या वतीने रागावण्याची पूर्ण मुभा असताना त्यांनी हे केले. पहिल्या भेटीत त्यांनी जुन्या मुलांना दिलेली वागणूक मला आजही पटत नाही, आणि गॉगलचे मला काही वाटत नाही.

आपण पाहिलेल्या सामन्यातल्या हस्तांदोलनाबद्दल मी फारसे वाईट मानणार नाही. त्या क्षणी सुरक्षारक्षक, कॅमेरेवाले आणि धावत मैदानात येणारी मुले यांच्या गराड्यात दोन प्रशिक्षक एकमेकांना जेमतेम दिसतात, आणि दोघे सामन्यापूर्वी मैदानाच्या मध्यावर अर्धा तास गप्पा मारत उभे असल्याचे आपण जागेवर पोहोचण्याआधीच घडून गेलेले असते. टचडाउनबद्दल मात्र मत देण्याआधी मला एक गोष्ट जाणून घ्यायची आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या सामन्याची चित्रफीत बहुधा असेल. मुलीला सांगून शेवटची पाच मिनिटे लावून घ्या, चेंडूकडे पाहू नका, क्वार्टरबॅकच्या पुढे वाकून उभ्या असलेल्या पाच जणांचे क्रमांक लिहून काढा आणि ते पहिल्या सत्रातल्या क्रमांकांशी ताडून पाहा. ते तेच निघाले, तर आपला शब्द मी मागे घ्यायला लावणार नाही.